सहादूच्या लेकीचे पाय

प्रज्ञा टाचा जुळवून उभी राहिली की तिच्या दोन गुडघ्यांच्या मधून पलीकडचं दिसायचं. लहानपणी तिला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग एकदा शाळेच्या आवारात लगोरी खेळताना चेंडू तिच्या पायांमधून आरपार गेला आणि मागून एक पोरगं ओरडलं, "बोगदा!" सगळी पोरं हसली. त्या दिवसापासून चौथीच्या वर्गात तिचं नाव प्रज्ञा राहिलं ते फक्त हजेरीपुरतं.

घरी येऊन तिनं आईला विचारलं, "माझे पाय असे का गं?"

विमलबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "माज्यामुळं."

जामखेडच्या पलीकडं, बीडच्या हद्दीला टेकलेलं त्यांचं गाव. प्रज्ञाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. गावंच्या गावं तेव्हा रस्त्याच्या कामावर होती. विमलबाई ओली बाळंतीण, पण घरात बसून खायला काही नव्हतं. पोर जरा मान धरायला लागली तशी तिला कडेवर घेऊन ती खडी वाहायला जाऊ लागली. एका कडेला पोर, डोक्यावर पाटी. दुपारी सरकारी सुकडी, भाजक्या पिठाचा गोड चुरा, मिळायची, ती खाऊन पुन्हा काम.

"कवळी हाडं हुती तुजी," विमलबाई म्हणाली. "माज्या कमरेला पाय फाकून दिसभर बसायचीस. तशीच वाकली. मला कळायला पायजे हुतं."

तिनं उपाय काही कमी केले नव्हते. पोर चालायला लागल्यावर रोज सांजच्याला तेल चोळायची आणि जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन दोन्ही गुडघे एकत्र करकचून बांधायची. पोर रडायची, आईही रडायची. शेवटी सहादूनं, म्हणजे प्रज्ञाच्या बापानं, एके दिवशी ती पट्टी काढून चुलीत घातली. त्यानंतर बांधणं थांबलं. पण विमलबाईच्या मनातलं काही गेलं नाही. लेक समोरून चालत आली की ती दुसरीकडं बघायची. प्रज्ञाला वाटायचं, आईलाही आपले पाय बघवत नाहीत.

मोठी होता होता प्रज्ञानं चालायची एक रीत बसवली. पावलं लहान टाकायची, गुडघे आत ओढून धरायचे, परकर पुढून हातानं किंचित ताणलेला ठेवायचा. अशानं पोटऱ्या भरून यायच्या, पण परकराखाली काय आहे ते कळत नसे. पळायचं तर तिनं सोडूनच दिलं. अंगणात मुली फुगड्या घालत तेव्हा ती चपला राखत बसायची.

बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात पाटोद्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात होता. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. मग मुलाची आत्या म्हणाली, "जरा चालून दाखव बाळ."

प्रज्ञा उठली. भिंतीपासून दारापर्यंत आपल्या त्या बसवलेल्या चालीनं गेली. परत येताना आत्याबाई पुढं वाकल्या आणि साडीचा काठ दोन बोटांनी सहज उचलावा तसा वीतभर उचलला. पाहुणे चहा पिऊन गेले. अंगणातून मात्र आत्याबाईंचं बोलणं आत ऐकू आलं, "पोरगी गुणाची हाय, पर फेंगडी हाय."

त्या दिवशी प्रज्ञा रडली नाही. तिनं साडी सोडून घडी घातली आणि बापाला म्हणाली, "अण्णा, मला आता कुणाला चालून दाखवायचं न्हाई. मी नगरला जाते, नर्सिंगला. फॉर्म भरलेला हाय."

सहादू विहिरी खोदायचा. जामखेडपासून पाटोद्यापर्यंत कुणाला विहीर पाडायची असली की त्याला बोलावणं यायचं. कमी बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, "जा."

एक्क्याण्णव साली ती नगरला आली. हॉस्पिटलच्या मागंच मुलींचं वसतिगृह होतं. खाटा लोखंडी, भिंती चुन्याच्या, आणि खिडकीतून दिसणारं चिंचेचं एक जुनं झाड. तिला ते सगळं आवडलं. मग गणवेश आला. पांढरा फ्रॉक, गुडघ्याच्या जरासा खाली येणारा. कमरेला पट्टा, डोक्याला टोपी, पायांत पांढरे मोजे आणि कॅनव्हासचे बूट. लहानपणापासून तिनं जे झाकलं ते आता रोज सकाळी सगळ्या वॉर्डापुढं उघडं करायचं होतं.

तिनं शिंप्याला गाठून फ्रॉक चार बोटं लांब करून घेतला. पहिल्याच दिवशी साळवे सिस्टरांनी तिला दारात अडवलं. साळवे सिस्टर बाळंतीण वॉर्डाच्या प्रमुख, उंच, आवाज करडा. नगरातली निम्मी पोरं आपल्या हातावर जन्मली असं त्या सांगायच्या आणि ते कुणी खोटं मानत नसे.

"हा फ्रॉक आहे का परकर?"

"सिस्टर, मला... थंडी वाजते."

"जून महिन्यात?" सिस्टरांनी तिच्याकडं नीट बघितलं, मग खाली पायांकडं, मग पुन्हा तोंडाकडं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. पण त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत उसवून ये. लांब कपडा पेशंटच्या खाटेत अडकतो."

ते काही महिने प्रज्ञानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती वॉर्डात भिंतीच्या कडेनं चालायची. उभं राहायचं असलं की ट्रॉलीच्या मागं उभी राहायची. रात्री पोटऱ्यांत वांब यायचे, कारण दिवसभर गुडघे आवळून धरलेले असायचे. बरोबरीच्या मुलींनी तिला तोंडावर कधी काही म्हटलं नाही. त्याचाही तिला त्रासच व्हायचा. आपल्याला सांभाळून घेतायत, असं वाटायचं.

पुढं तिची पाळी बाळंतीण वॉर्डात लागली.

तिनं पाहिलेलं पहिलं बाळंतपण सकाळचं होतं. उन्हाची तिरीप खोलीत आली होती. खाटेवरची बाई श्रीगोंद्याकडची, पहिलटकरीण, सिस्टरांचा हात घट्ट धरून ओरडत होती. प्रज्ञाला वाटलं होतं, आपल्याला चक्कर येईल. पण प्रत्यक्षात तिला हलताच येईना. आधी काळ्या ओल्या केसांचं एक वर्तुळ दिसलं, मग कपाळ, मग अख्खं डोकं आपोआप वळलं, कुणीतरी आतून किल्ली फिरवावी तसं. खांदे सुटले आणि एका झटक्यात सगळं बाळ सिस्टरांच्या हातात आलं. निळसर, चिकट, गप्प. मग त्यानं तोंड वासलं, टाहो फोडला, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते निळ्याचं गुलाबी झालं. छातीपासून सुरुवात होऊन तो रंग हातापायांपर्यंत पसरत गेला. एका क्षणापूर्वी खोलीत नसलेलं माणूस आता खोलीत होतं. आपण रोज ज्या जगात वावरतो त्यात हे असं घडत असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो, याचं तिला इतकं नवल वाटलं की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान राहिलं नाही.

"रडून झालं असेल तर बाळाचं वजन घे," सिस्टर म्हणाल्या. "आणि लांबी."

वजन झालं. लांबी घ्यायची तर बाळाला फळीवर आडवं करून पाय सरळ करायचे होते. प्रज्ञानं हळूच गुडघ्यावर हात ठेवला. बाळाचे पाय वाकलेले होते. दोन कंस समोरासमोर ठेवावेत तसे. ती सरळ करायला गेली तर ते पुन्हा आपल्या जागी गेले.

"सिस्टर!" ती जवळजवळ ओरडली. "ह्याचे पाय... ह्याचे पाय फेंगडे आहेत. बाईला काय सांगायचं?"

साळवे सिस्टर हात धूत होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं. हसतील असं प्रज्ञाला वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

शेजारच्या खोलीत ओळीनं पाळणे होते. सिस्टरांनी पहिल्या पाळण्यातलं दुपटं उघडलं. आत शेवगावकडच्या बाईची मुलगी, आदल्या दिवशीची. पाय वाकलेले. त्यांनी दुपटं झाकलं, दुसरं उघडलं. कॅन्टोन्मेंटमधल्या जवानाचा मुलगा, चांगला गुटगुटीत. पाय तसेच. तिसरं, चौथं. गोरं, सावळं, अशक्त, जाडजूड, वकिलाचं, ऊसतोडणीवाल्याचं. दुपटं उघडलं की आत तेच दोन कंस, तळवे एकमेकांकडं वळलेले. नमस्कार करता करता झोपी गेल्यासारखे.

"सगळेच?" प्रज्ञा कुजबुजली.

"सगळेच. आईच्या पोटात जागा ती केवढी? नऊ महिने मांडी घालून बसलेलं असतं. तू तशी आलीस, मी तशी आले. पुढं चालायला लागल्यावर बहुतेकांचे सरळ होतात, काहींचे थोडे राहतात. मुडदूस वगैरे असला तर गोष्ट वेगळी, तो आजार. तसं नसेल तर घराण्याची ठेवण असते. जसं नाक, तसे पाय." मग त्यांनी विचारलं, "तुझे दुखतात का?"

"नाही."

"सूज? पडतेस का चालताना?"

"नाही सिस्टर." प्रज्ञानं मोठ्या कष्टानं पुढचं विचारलं. "आई म्हणते, तिनं मला कडेवर घेऊन खडी वाहिली, म्हणून वाकले."

"कडेवर घेऊन पाय वाकत असते," साळवे सिस्टर म्हणाल्या, "तर ह्या जिल्ह्यात एकही माणूस सरळ चालला नसता."

एवढं बोलून त्या निघून गेल्या, त्यांना दुसरं बाळंतपण होतं. प्रज्ञा मात्र पाळण्यांच्या ओळीत उभी राहिली. तिनं पुन्हा एक दुपटं बाजूला केलं आणि त्या पावलांना तळहात लावला. बाळानं झोपेतच तिचा हात ढकलला. त्या एवढ्याशा पायात केवढा जोर! तिला एकदम जाणवलं, की आपण उभ्या आहोत त्या गुडघे सैल सोडून. कधी सोडले ते कळलंच नव्हतं.

मे महिन्यात रजा मिळाली. एसटी फाट्यावर थांबली तेव्हा दिवस कलला होता. सहादू न्यायला आला होता. त्यानं तिची ट्रंक डोक्यावर घेतली आणि पुढं चालू लागला. रस्ता फुफाट्याचा, म्हणून त्यानं धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. प्रज्ञा मागून चालत होती. समोर मावळतीचं ऊन.

ती चालता चालता थांबली.

बापाच्या दोन गुडघ्यांच्या मधून ऊन येत होतं. घोटे जवळ, गुडघे लांब, पोटऱ्या बाहेरून गोल. पाऊल टाकताना अंग जरा या बाजूला, जरा त्या बाजूला. तिचीच चाल, ती चोरली नाही तर जशी असती तशी. जन्मल्यापासून ती या माणसामागून चालली होती. यात्रेला, दवाखान्यात, शाळेत नाव घालायला. हे पाय तिनं हजारदा बघितले होते आणि एकदाही बघितले नव्हते. गावानंही नाही. सहादू विहिरीत उतरतो तेव्हा बघे काठावर जमतात. दोन्ही बाजूंच्या कपारींत पाय रोवून तो आत उभा राहतो, आणि लोक म्हणतात, काय गडी आहे! फेंगडा आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बाप्या माणसाच्या पायांचं लोक काम बघतात, आकार नाही.

"का गं थांबलीस?" सहादूनं विचारलं.

"काही न्हाई अण्णा. चला तुम्ही. मी बघतेय."

जेवणं झाल्यावर ती आईजवळ बसली. वॉर्डातलं सगळं सांगितलं, ते पाळणे, ती दुपटी. विमलबाई ऐकत होती, पण तिचा विश्वास बसत नव्हता. "तुजं मन राखायला सांगत आसतील."

"मग अण्णांना उभं कर."

"आं?"

"अण्णा, उभं ऱ्हावा बरं. टाचा जुळवा."

सहादू गोंधळून उठला. कंदिलाच्या उजेडात, धोतर वर धरून, पोरीच्या सांगण्यावरून टाचा जुळवून उभा राहिला. विमलबाईनं बघितलं. आधी नुसतंच बघितलं. मग ती पुढं सरकली आणि नवऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मधून तिनं आपला हात, बांगड्यांसकट, आरपार घातला.

"आगं माय!" ती म्हणाली. "आगं, सासूबाईबी अशाच डुलत चालायच्या. मला वाटायचं, वयानं चालत्यात."

"काय झालं?" सहादू म्हणाला. "माजं काय वाकडं हाय?"

"वाकडं न्हाई वो. तुमचे पाय पोरीला आलेत!"

"मंग कुनाचे येनार?"

प्रज्ञाला हसू फुटलं. विमलबाईलाही फुटलं, पण ते हसता हसता मधेच मोडलं. तिनं लेकीचे दोन्ही गुडघे धरले, त्यांवर कपाळ टेकवलं आणि विचारलं, "मंग मी न्हाई केलं हे?"

"न्हाई आई."

"खडी वाहून न्हाई?"

"न्हाई. तू मला जगवलंस, एवढंच केलंस."

मग मान वर करून तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं, "इतकी वरसं गप कसे ऱ्हायलात?"

"मला कुनी इचारलं?" सहादू म्हणाला आणि धोतर सोडून झोपायला अंगणात गेला. विमलबाई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहून, लेक हापशावरून घागर घेऊन येताना, सरळ तिच्याकडं बघत राहिली. अगदी घरात येईपर्यंत.

म्हणून काही प्रज्ञाची लाज एका दिवसात गेली असं नाही. जुनी सवय अंगात मुरलेली असते. शिक्षण पुरं करून ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्यामागच्या डोंगरात नर्स म्हणून गेली, तेव्हा पांढरी साडी नेसायला मिळणार याचा तिला मनातून आनंदच झाला होता. साडी ती घोट्यापर्यंत नेसायची. पण तिथले रस्ते चोरून चालण्याचे नव्हतेच. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचं तर डोंगर चढायचा, ओढा ओलांडायचा. लसींचा डबा खांद्याला. लहान पावलं टाकून तिथं दिवस संपला असता. ती बापासारखी चालायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की आपण दमत नाही. बरोबरचे लोक धापा टाकत मागं राहायचे.

लग्नही तिथंच झालं. तुषार त्याच आरोग्य केंद्रात औषधं द्यायला होता. मुलगी बघण्याचा कार्यक्रम झालाच नाही, कारण लसीकरणाच्या दिवशी तिच्या मागून डोंगर चढण्यात त्याची दोन वर्षं गेली होती.

आणि मग सत्त्याण्णवच्या आषाढातला तो दिवस. एका पाड्यावर छबूबाई नावाची गरोदर बाई तपासायची होती, दिवस भरत आले होते. घर बंद होतं. सगळ्या बाया खाली खाचरात, भाताच्या आवणीला. प्रज्ञा बांधावर जाऊन उभी राहिली आणि हाक मारली. धुकं होतं, खाचरातलं पाणी पांढरं दिसत होतं, आणि बाया ओळीनं वाकून रोपं लावत मागं मागं सरकत होत्या. छबूबाईनं पोट सावरत मान वर केली.

"काय बघायचं बाई?"

"रक्तदाब. आणि पायावर सूज आहे का ते."

"मंग ये की इथंच. मी आता वर आले तर माजी ओळ मोडंल."

प्रज्ञानं आजूबाजूला बघितलं. कोरडी जागा नव्हती. तिनं चपला काढल्या, पिशवी गळ्यात अडकवली, साडी गुडघ्याच्या वर घेऊन कमरेला खोचली आणि चिखलात उतरली. चिखल गार होता, पोटऱ्यांपर्यंत आला. रक्तदाब ठीक निघाला. मग छबूबाईनं एक पाय उचलून बांधाच्या दगडावर ठेवला. प्रज्ञानं ओंजळीनं पाणी ओतून चिखल धुतला आणि नडगीवर अंगठा दाबला. सूज असली तर खळगा राहतो. अंगठा काढला. कातडी लगेच वर आली.

"चांगलं आहे," ती म्हणाली आणि सरळ व्हायच्या आधी तिची नजर ओळीवरून गेली.

एवढे पाय तिनं एकत्र कधी बघितले नव्हते. साड्या सगळ्यांच्या मांडीपर्यंत खोचलेल्या. काड्यांसारखे बारीक पाय, खांबासारखे जाड, गुडघे एकमेकांना घासणारे, निळ्या शिरांच्या गाठी आलेले, गोंदलेले, भाजल्याचा डाग असलेले. एका म्हातारीचे तर धनुष्यासारखे, प्रज्ञापेक्षा कितीतरी वाकलेले. आणि ते सगळे चिखलात घट्ट उभे होते, एका लयीत मागं सरत होते, आणि ते जिथून सरकले तिथं हिरवं होत जात होतं. अख्खा उतार, पायरीपायरीनं, खाली जलाशयापर्यंत, या पायांनी हिरवा केला होता. प्रज्ञा कुठं उभी आहे, कशी उभी आहे, याकडं एकाही बाईनं बघितलं नव्हतं. म्हातारीनं फक्त रोपांची एक मूठ तिच्यापुढं धरली.

"उतरलीच हायस तर लाव दोन काड्या."

प्रज्ञानं मूठ घेतली. जामखेडकडं भात कुठला, तिला लावता येत नव्हतं. रोपं आडवी पडली, बाया हसल्या, छबूबाईनं हात धरून दाखवलं, अंगठ्यानं कसं दाबायचं. मग जमलं. एक ओळ होईपर्यंत ती खाली वाकून लावत राहिली.

वरच्या पाड्यावर दोन बाळांना डोस द्यायचे राहिले होते. ओढ्यात पाय धुऊन ती चढणीला लागली. साडी ओली होती, खाली सोडली असती तर पायांत आली असती. तिनं ती तशीच खोचलेली ठेवली आणि डबा खांद्याला अडकवून डुलत डुलत डोंगर चढत गेली.